डेट फंड निवडताना मुदतपूर्ती पाहावी की ड्युरेशन?

डेट फंडाच्या, म्हणजे सरकार आणि कंपन्यांच्या कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या, मासिक फॅक्टशीटमध्ये (माहितीपत्रकात) सरासरी मुदतपूर्ती, मॅकॉले ड्युरेशन आणि मॉडिफाइड ड्युरेशन हे तीन आकडे एकाखाली एक छापलेले असतात. तिन्ही वर्षांतच दिलेले असल्यामुळे बरेच गुंतवणूकदार ते एकाच अर्थाचे समजतात. प्रत्यक्षात त्यांचा उपयोग वेगवेगळा आहे आणि त्यांतील कोणता आधाराला घ्यायचा, हे आपल्याला पैसे कधी लागणार आहेत यावर ठरते.

मुदतपूर्ती फक्त मुद्दल कधी परत मिळणार एवढेच सांगते. मधल्या काळात दर सहामाहीला हाती येणारे व्याज ती हिशेबात धरत नाही. अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक मॅकॉले यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या मोजमापात रोख्यातून येणारी प्रत्येक रक्कम किती वर्षांनी येते हे पाहिले जाते आणि त्या रकमेच्या आजच्या मूल्याचा भार देऊन त्या वर्षांची सरासरी काढली जाते. दर्शनी किमतीला घेतलेल्या, ७ टक्के व्याजाच्या १० वर्षांच्या सरकारी रोख्याचे मॅकॉले ड्युरेशन सुमारे ७.४ वर्षे भरते. त्याच व्याजाच्या ३० वर्षांच्या रोख्याची मुदत तिप्पट असली तरी त्याचे ड्युरेशन साधारण १२.९ वर्षेच येते, कारण इतक्या दूरच्या मुद्दलाचे आजचे मूल्य फारच थोडे असते. मध्ये व्याजच न देणाऱ्या झीरो कूपन रोख्यात मात्र मुदत आणि मॅकॉले ड्युरेशन एकच असते. म्हणूनच नुसत्या मुदतीवरून दोन फंडांची जोखीम ताडून पाहणे मला चुकीचे वाटते.

मॉडिफाइड ड्युरेशन मॅकॉलेच्याच आकड्यावरून काढले जाते, पण ते वर्षांत वाचण्यापेक्षा टक्क्यांत वाचावे. वरच्या १० वर्षांच्या रोख्यासाठी ते सुमारे ७.१ येते, म्हणजे बाजारातील व्याजदर १ टक्क्याने वाढला तर किंमत अंदाजे ७.१ टक्क्यांनी घसरते. नेमका हिशेब केल्यास १०० रुपयांचा रोखा ९३.२० रुपयांवर येतो आणि दर तितकाच उतरला तर १०७.४४ रुपयांवर जातो. घसरणीपेक्षा वाढ थोडी जास्त असते आणि हा फरक ड्युरेशनच्या आकड्यात दिसत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (बँकांना ती ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर) ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा असाच दबाव रोख्यांच्या किमतींवर आला होता. अर्थात रेपो दर जितका बदलतो तितकाच दीर्घ मुदतीच्या रोख्यांवरील बाजारातील व्याजदर बदलेल, असे गृहीत धरू नये.

म्युच्युअल फंडांची नियामक संस्था असलेल्या सेबीने ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात डेट फंडांचे अनेक वर्ग मॅकॉले ड्युरेशनवरच आखले: लो ड्युरेशन ६ ते १२ महिने, शॉर्ट ड्युरेशन १ ते ३ वर्षे, मीडियम ३ ते ४, मीडियम टू लाँग ४ ते ७ आणि लाँग ड्युरेशन ७ वर्षांहून अधिक. वर्षभरात लागणारे पैसे लो ड्युरेशनच्या पलीकडे नेऊ नयेत. दोन-तीन वर्षांनी मुलांच्या शिक्षणासाठी लागणारी रक्कम शॉर्ट ड्युरेशनमध्ये ठेवता येईल. आपला कालावधी आणि फंडाचे मॅकॉले ड्युरेशन जुळत असेल, तर दर वाढल्याने किमतीत आलेली तूट पुढच्या व्याजाच्या चढ्या दराने बरीचशी भरून निघते, हे या जुळणीमागचे गणित आहे.

इथे एक अडचण आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. वर्ष सरले की आपला कालावधी एका वर्षाने कमी होतो, पण शॉर्ट ड्युरेशन फंड जुने रोखे संपताच नवे घेत राहतो आणि त्याचे ड्युरेशन ठरलेल्या पट्ट्यातच राहते. गरजेची तारीख जवळ आली की रक्कम कमी ड्युरेशनच्या फंडात हलवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. टार्गेट मॅच्युरिटी फंडात, उदाहरणार्थ २०१९ मध्ये सुरू झालेल्या भारत बाँड ईटीएफच्या (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांच्या) मालिकेत, ठरलेल्या वर्षाकडे जाताना ड्युरेशन आपोआप उतरत जाते. तारीख पक्की असणाऱ्यांना मी हाच पर्याय आधी पाहायला सांगेन. लाँग ड्युरेशन फंड सात वर्षांहून दूरच्या उद्दिष्टासाठी, किंवा दर उतरतील असा स्वतःचा ठाम अंदाज असणाऱ्यांसाठी आहे. मुदत ठेवीला पर्याय म्हणून तो घेऊ नये.

ड्युरेशन कमी म्हणजे फंड सुरक्षित, हा समज तर विशेष धोक्याचा आहे, कारण कर्ज घेणारा ते फेडेल की नाही याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला आणि गुंतवणूकदारांचे पैसे अडकले. त्या सहांत एक लो ड्युरेशन आणि एक अल्ट्रा शॉर्ट बाँड फंडही होता. कमी पतदर्जाचे रोखे विकत घ्यायला बाजारात कोणी नव्हते. त्यामुळे ड्युरेशनच्या जोडीला सेबीने २०२१ मध्ये सक्तीचा केलेला संभाव्य जोखीम वर्गाचा तक्ता अवश्य पाहावा. त्यातील ए, बी, सी ही अक्षरे वाढती पतजोखीम दाखवतात आणि एक ते तीन हे आकडे वाढती व्याजदर जोखीम दाखवतात. दोन वर्षांच्या गरजेसाठी मी अक्षर ए असलेला आणि ड्युरेशन दोन वर्षांच्या आसपास असलेला फंडच निवडेन, मग दुसऱ्या एखाद्या फंडाचा परतावा अर्ध्या टक्क्याने जास्त दिसत असला तरी.