तिसऱ्या ट्रान्समीटरचं दुखणं: मिमो रडार बोर्ड, ९ महिन्यांनंतर

बोर्ड नेहमीचाच मिमो, म्हणजे अनेक ट्रान्समीटर आणि अनेक रिसीव्हर एकत्र वापरणारा: ७७ गिगाहर्ट्झ, ३ ट्रान्समीटर, ४ रिसीव्हर. रस्त्यावरची ये-जा मोजायला लावला. पादचारीच असायचे, ७ महिने बिनबोभाट चालला. मग तिथून सायकली जायला लागल्या आणि समोरून येणारी सायकल स्क्रीनवर लांब जाताना दिसली. वर तिच्या शेजारी एक भूत, जिथे कुणीच नव्हतं तिथे.

सपोर्टला लिहिलं. फर्मवेअर अपडेट करा म्हणाले. केलं, सायकल उलटीच. तीन मेल आणि बरीच चिडचिड झाल्यावर बोर्ड बदलून मिळाला. नवाही तसाच! एकच तारा द्यायचा असं ठरवून हे लिहायला बसलो होतो.

तक्रारीत आकडे घालावेत म्हणून गणित मांडलं आणि ओशाळलो. सगळे ट्रान्समीटर एकदम बोलले तर कुठला प्रतिध्वनी कुणाचा हे कळणार नाही, म्हणून ते आळीपाळीने चर्प (वारंवारता सरकत जाणारा छोटा रेडिओ संकेत) सोडतात. माझा चर्प ५० मायक्रोसेकंदांचा. एकट्या ट्रान्समीटरला साधारण १९.५ मीटर प्रतिसेकंदापर्यंतचा वेग झेपतो. तिघांच्या पाळ्या लावल्या की मर्यादा ६.५ वर येते. सायकल होती ७ च्या वेगात. मर्यादा ओलांडली की मोजलेला वेग मर्यादेच्या दुपटीने, म्हणजे १३ ने, घसरतो: ७ वजा १३, म्हणजे उणे ६. गेली उलटी! भूतही त्यातलंच. दोन पाळ्यांच्या मधे सायकल सरकते, त्याने लाटेचा फेज (टप्पा) बदलतो; दिशेचा कोन काढण्याआधी तेवढा वजा करावा लागतो. वेगच चुकीचा धरला तर दर पाळीला १२० अंशांची चूक.

म्हणजे बोर्ड निर्दोष. पण हे सपोर्टवाल्यांनी पहिल्याच मेलला सांगायला काय हरकत होती?

आता खोक्यावरच्या ‘१२ व्हर्च्युअल अँटेना’बद्दल. ट्रान्समीटर-रिसीव्हरची प्रत्येक जोडी एक अँटेना धरायची; ३ गुणिले ४, हिशेब खरा. पण आडव्या रांगेत त्यातल्या ८च येतात. तिसरा ट्रान्समीटर वर सरकवून बसवलाय, तो उंचीच्या कोनासाठी. मला माणसं किती उंचावर आहेत हे कशाला हवंय? तो बंद केला. मर्यादा ९.७५ वर गेली आणि दोन वस्तू वेगळ्या दिसायला लागणारा आडवा कोन जसाच्या तसा, सुमारे १४ अंश. त्याहून वेगवान कुणी आलाच तर दोन्ही शक्य वेग धरून कोन काढतो आणि कोनाच्या आलेखात ज्याचं शिखर टोकदार तो ठेवतो.

हे १४ अंश मात्र मनापासून आवडले. नुसत्या ४ रिसीव्हरवर ते २८-२९ झाले असते. ५ मीटरवर दीड मीटर अंतराने उभी असलेली दोन माणसं आता वेगळी दिसतात, आधी एकच ढेकूळ दिसायचं. फक्त प्लास्टिकचं झाकण बसवल्यावर कॉर्नर रिफ्लेक्टर (लाट आली तिकडेच परत पाठवणारा धातूचा कोपरा) समोर ठेवून फेज पुन्हा जुळवा. मी आळस केला आणि दोन दिवस सगळी माणसं डावीकडे सरकलेली पाहिली.

चार चिप जोडलेला मोठा बोर्ड घ्या, असं सपोर्टने शेवटी सुचवलं. आधी या बोर्डातल्या, पैसे मोजून घेतलेल्या आणि बंद पडून राहिलेल्या तिसऱ्या ट्रान्समीटरचं काय ते सांगा.