चार इंचांची भोके: महालातील जुन्या घराच्या ओलीवर झालेली फसवणूक

नागपूरच्या महाल भागातील आमचे घर आजोबांनी १९५४ साली बांधले. दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंती, चुन्यातले जोडकाम, वर चुना-सुरखीचा गिलावा आणि खाली शहाबादी फरशी, असे ते त्या काळचे साधे पण नेकीने केलेले बांधकाम आहे. २०२२ च्या मार्च महिन्यात माजघराच्या न्हाणीकडच्या भिंतीवर जमिनीपासून दोन फुटांपर्यंत पोपडे सुटू लागले आणि हात फिरवला की मिठासारखा पांढरा भुगा तळव्याला लागू लागला. ऐंशी वर्षांची आई त्याच खोलीत झोपते, त्यामुळे पावसाळ्याच्या आत काम उरकून घ्यावे, अशी मला घाई झाली होती. त्या घाईचा फायदा एका ठेकेदाराने कसा घेतला, हे मी आकड्यांसह लिहीत आहे, कारण आमच्याच वस्तीतल्या आणखी दोन घरांत अगदी याच पद्धतीचे काम झाल्याचे मला नंतर कळले.

हा ठेकेदार ओळखीच्या ओळखीतून आला होता. त्याने खिशातून दोन टोकदार पिनांचे एक छोटे यंत्र काढले आणि ते पोपडे सुटलेल्या जागी टोचले. यंत्र जोरात वाजले आणि आकडा थेट शेवटपर्यंत गेला. त्याने तेच आणखी चार ठिकाणी केले आणि प्रत्येक वेळी आईकडे वळून, "आजी, पाहा, भिंत पूर्ण भरली पाण्याने," असे सांगितले. खिडकीखाली एक तिरकी भेग होती, तिच्यावर बोट ठेवून त्याने पाया खचत असल्याचे जाहीर केले. या साऱ्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. तो न्हाणीत गेला नाही, नळाची लाइन कुठून येते हे त्याने विचारले नाही आणि घराबाहेर जाऊन जोते पाहण्याचे कष्टही घेतले नाहीत.

त्या यंत्राविषयी मला आज जे कळते, ते त्या दिवशी कळत असते तर पुढचे काहीच घडले नसते. हे यंत्र पाणी मोजत नाही. दोन पिनांमधून वीज किती सहज वाहते, ते मोजते आणि त्याचे आकडे मुळात लाकडासाठी ठरवलेले असतात. जुन्या भिंतीत लोणा धरलेला असला, म्हणजे क्षार साठलेले असले, की वीज सहज वाहते आणि भिंतीत ओल जेमतेम असली तरी आकडा वर जातो. शिवाय हे क्षार हवेतला दमटपणा स्वतःकडे ओढून घेतात. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या, स्वच्छ भिंतीला आणि लोणा झाडून काढलेल्या विटेला तेच यंत्र लावून दाखवा, एवढे जरी मी म्हटले असते, तरी त्याला उत्तर देणे जड गेले असते. भेगेचेही तसेच आहे. नागपूरच्या बऱ्याच भागांत पायाखाली काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि तिच्याबरोबर जुन्या भिंतींतल्या भेगा उघडतात व मिटतात. मार्च ते मे या काळात दिसलेल्या भेगेवरून, एका भेटीत, पाया खचल्याचा निर्णय कोणीही देऊ शकत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि वर्षभर पाहत राहावे.

त्याने एकूण १,८५,००० रुपये सांगितले: भिंतीत भोके पाडून केमिकल भरण्याचे ७०,०००, वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा आणि वरच्या कोटिंगचे ४५,०००, तर शहाबादी फरशीवरच व्हिट्रिफाइड टाइल्स बसवण्याचे ७०,०००. बिल नको असेल तर जीएसटी वाचेल आणि आज ठरवले तरच हा भाव मिळेल, असेही तो म्हणाला. मी १,१०,००० रुपये रोख दिले आणि टाइल्स बसल्यावर ५०,००० त्याच्या खात्यावर पाठवले. शेवटचे २५,००० पावसाळ्यानंतर द्यायचे, एवढा एक शहाणपणा आईने मला करायला लावला. दहा वर्षांच्या गॅरंटीचा जो कागद मिळाला, त्यावर पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता आणि वापरलेल्या केमिकलचे नावही नव्हते.

काम सुरू असताना मी दिवसभर नोकरीवर असे. आईने मला सांगितले होते की मुले बादलीत पांढरे काहीतरी पाण्यात कालवतात आणि मग ते भोकांत ओततात. ते मी मनावर घेतले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. भिंतीत रासायनिक अडथळा तयार करण्याची पद्धत खोटी नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. जोत्याजवळच्या एका आडव्या सांध्यात साधारण १२ सेंटीमीटरच्या अंतराने, भिंतीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूपर्यंत भोके पाडून केमिकल भरले, तर जमिनीतून चढणारी ओल काही प्रमाणात रोखता येते. मात्र ओल खरोखरच जमिनीतून चढत आहे, हे आधी ठरलेले असावे लागते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन दुपारी, माजघरातल्या चार टाइल्स आवाज करून उचलल्या गेल्या. त्या एकमेकींना चिकटवून बसवल्या होत्या, भिंतीकडेला रिकामी फट सोडली नव्हती आणि खाली मसाला सगळीकडे पसरण्याऐवजी मध्ये फक्त गोळे ठेवले होते. रुपयाचे नाणे वाजवून पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक टाइल्स पोकळ बोलल्या. जुलैत पाऊस लागल्यावर ओल पाच फुटांवर पोहोचली. चकचकीत कोटिंगला हाताच्या पंजाएवढे फोड आले. त्यातला एक मी सुईने टोचला, तर गढूळ पाण्याची धार भिंतीवरून ओघळली. चुन्याच्या गिलाव्यातून आणि फरशीच्या सांध्यांतून इतकी वर्षे जी ओल हळूहळू हवेत जात होती, तिला सिमेंट, कोटिंग आणि टाइल्स यांनी वाट बंद केली, म्हणून ती वर चढली. ठेकेदार फोनवर पहिले दोन आठवडे, "ताई, भिंत वाळून राहिली, थांबा थोडं," असे म्हणत राहिला आणि नंतर त्याने फोन उचलणे बंद केले.

शेवटी मामांकडे वर्षानुवर्षे काम करणारे सत्तरीचे एक मिस्त्री आले. ते आधी घराला बाहेरून पूर्ण वळसा घालून आले आणि मग म्हणाले, "ताई, भिंतीचं मग पाहू. पाणी कुठून येऊन राहिलं, ते आधी शोधू." नळाला दाब असताना त्यांनी घरातले सगळे नळ आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला आणि नळाच्या मीटरचा आकडा लिहून घेतला. दोन तासांत मीटर १७ लिटर पुढे गेला. न्हाणीची फरशी उकलल्यावर जीआय पाइपचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा) एक गंजलेला बेंड सापडला. त्यातून पाण्याची केसासारखी बारीक धार थेट माजघराच्या भिंतीच्या पायात जात होती. तो तुकडा बदलण्याचा खर्च मजुरीसह ४,२०० रुपये आला. दुसरे कारण बाहेर होते. समोरचा सिमेंटचा रस्ता जुन्या रस्त्यापेक्षा उंच झाल्याने पावसाचे पाणी आमच्या जोत्याला टेकून उभे राहत होते. तिथे भिंतीपासून उतार काढून नाली करायला १८,००० रुपये लागले.

पुढचे काम मुख्यतः धीराचे होते. ओलीच्या खुणेच्या एक फूट वरपर्यंत सिमेंटचा गिलावा खरवडून काढला आणि लोणा कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाकला. पाण्याने धुतला असता तर तो विरघळून पुन्हा विटेतच गेला असता. भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना धरावा, असे मिस्त्रींनी सांगितले, म्हणजे आमच्या अठरा इंची भिंतीला दीड वर्ष. अधूनमधून ते स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवत आणि दोन दिवसांनी काढत. थेंब फॉइलच्या बाहेरच्या अंगाला असले तर तो हवेतला दमटपणा, आतल्या अंगाला असले तर ओल भिंतीतून येते, एवढे ते सरळ होते. आतली बाजू कोरडी निघू लागल्यावरच पुन्हा चुन्याचा गिलावा केला.

गिलावा काढला त्याच दिवशी ठेकेदाराने पाडलेली भोके उघडी पडली. आईची विणकामाची सुई मी एकेका भोकात घातली. अठरा इंचांच्या भिंतीत ती चार इंचांवर अडत होती, काही ठिकाणी त्याहूनही आधी, आणि दोन भोकांमधले अंतर वीतभर होते.

मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार केली. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. रोख दिलेल्या १,१०,००० रुपयांचा माझ्याजवळ एकही कागद नाही. खात्यावर पाठवलेले ५०,००० तेवढे दाखवता येतात. म्हणून ज्यांच्या घरी अशी भोके पाडली गेली आहेत, त्यांनी ती बुजवून घेण्याआधी आत सुई घालावी, शेजारी मोजपट्टी धरावी आणि फोटो काढून ठेवावा. वकिलांनी माझ्या तक्रारीला सगळ्यात आधी तोच फोटो जोडला आहे.