ट्यूबलेस टायर: आठ महिने वापरल्यावर, आणि पानगळीतली ती ग्रुप राइड

आठ महिन्यांपूर्वी माझ्या हार्डटेलचे (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन सायकल) दोन्ही टायर ट्यूबलेस केले, म्हणजे आत ट्यूब नाही, २९ बाय २.४ इंच, प्रत्येकात साधारण १०० मिली सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव. लगेच लिहिणार होतो पण म्हटलं आधी नीट वापरू, आणि परवाच्या जंगलातल्या राइडनंतर आता खात्रीने सांगतो, ट्रेलवर जाणार असाल तर कराच.

ट्यूब होती तेव्हा हवेचं प्रेशर ३० पीएसआयच्या खाली जायची हिंमत व्हायची नाही, कारण दगडावर चाक आपटलं की रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, तेच ते स्नेकबाइट. ट्यूबच नाही म्हटल्यावर चिमटणार काय? माझं वजन ७५ किलो, आता पुढे २१ आणि मागे २४ ठेवतो. फक्त प्रेशर मोजायला वेगळा छोटा गेज घ्या, मोठ्या पंपाचा काटा इतक्या खाली भरवशाचा नसतो.

परवा आम्ही सात जण होतो, रात्रभर पाऊस पडून गेलेला, ट्रेलवर ओल्या पानांचा थर आणि त्याखाली मुळं, जी दिसतच नाहीत, हँडलला झटका बसला की कळतं. कमी प्रेशरचा टायर अशा मुळावर उसळत नाही, दबतो आणि धरून ठेवतो, हा फरक मला पहिल्या चढावरच जाणवला. तरी मूळ तिरकं आलं तर कुठलाही टायर घसरणारच, शक्यतो सरळ काटकोनात घ्या आणि ब्रेक आधीच मारून घ्या, मुळावर नको.

लांब उतारावर मागून फुस्स आवाज आला. थांबून बघतो तर नॉबच्या (टायरवरच्या रबरी उंचवट्याच्या) मुळाशी काटा आणि पांढरं सीलंट पार फ्रेमवर उडालेलं. काटा उपटला, भोक खाली येईल असं चाक फिरवून धरलं, थोडा वेळ बुडबुडे आले आणि मग बंद! हवा मारली, निघालो, सगळं मिळून पाच मिनिटं. पुढे एकाची ट्यूब गेली तेव्हा मात्र गारठलेल्या बोटांनी टायर काढेपर्यंत सगळ्यांचा घाम अंगावरच थंड झाला, पुढची चढण फार जड गेली. एकटे असाल तर वेळ तुमचाच जातो, ग्रुपमध्ये सगळे ताटकळतात.

त्रास आहेच. पहिल्यांदा बसवताना टायर रिमवर बसेचना, शेवटी व्हॉल्व्हचा कोर (आतला काढता येणारा भाग) काढून, कडेला साबणाचं पाणी लावून जोरात हवा मारली तेव्हा कुठे टक टक करत बसला. चौथ्या महिन्यात उघडलं तर आत सीलंटची नुसती वाळलेली साल, म्हणजे इतके दिवस मी भरवशावर फिरत होतो आणि आत काहीच नव्हतं, याचा खरंच धसका बसला. आता दर दोन महिन्यांनी बघतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. व्हॉल्व्हही चोंदतो, एक जादा कोर जवळ ठेवा. आणि टायर मोठा फाटला तर सीलंटच्या हातात काही नाही, त्यामुळे प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) आणि एक ट्यूब अजूनही बॅगेत असतेच.

मागच्या टायरचे मधले नॉब आता बरेच झिजलेत, या आठवड्यात बदलतोय, रिम टेप (रिमची भोकं हवाबंद करणारी पट्टी) पण नवीन लावणार.