१० लॉग की २० लॉग?

डेसिबल (डीबी), म्हणजे सिग्नल किती पट वाढला किंवा घटला हे सांगणारे एकक, काढताना लॉगला (लॉगॅरिदमला) १० ने गुणायचे की २० ने, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. खरे तर दोन्ही सूत्रे एकाच व्याख्येतून निघतात.

मूळ व्याख्या पॉवरची. दोन पॉवरचे गुणोत्तर घ्या, त्याचा १० पायाचा लॉग काढा, १० ने गुणा. पॉवर दुप्पट झाली की सुमारे ३ डीबी वाढ, दहापट झाली की नेमकी १० डीबी. हातात पॉवर मीटर असेल तर एवढेच पुरे.

ऑसिलोस्कोप मात्र व्होल्टेज दाखवतो. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि लॉग घेताना वर्गाचा तो २ पुढे येतो. १० चे २० होतात ते असे. म्हणून व्होल्टेज दुप्पट म्हणजे सुमारे ६ डीबी. समजा अँप्लिफायरला १० मिलिव्होल्ट दिले आणि १ व्होल्ट बाहेर आला: १०० पट, म्हणजे ४० डीबी. चुकून १० ने गुणले तर २० येतील आणि पुढचा सगळा हिशेब कोसळेल.

पण एक अट फार महत्त्वाची आहे. २० चे सूत्र पॉवरशी जुळते ते दोन्हीकडचा, म्हणजे इनपुटचा आणि आउटपुटचा, रोध सारखा असेल तरच. सगळीकडे ५० ओहम असतील तर प्रश्नच नाही. इनपुट १० किलोओहम आणि आउटपुटला जोडलेला लोड ८ ओहम असेल, तर २० लॉगने मिळते ती फक्त व्होल्टेजची वाढ. पॉवरची वाढ हवी असेल तर दोन्हीकडची पॉवर वेगवेगळी काढून १० चेच सूत्र लावावे. शंका आली की मी नेहमी पॉवरकडेच परततो.