24 नग आत, 5 नग बाहेर

2024 च्या ऑगस्टात एका सकाळी सिंकखालच्या कपाटाचं दार बंद होईना. बिजागरी सैल झाली असेल म्हणून पेचकस घेऊन खाली बसले, तर स्क्रू नुसत्या बोटांनी बाहेर आला आणि त्याच्यामागून ओला, काळपट भुसा. कपाटाचा तळ हाताला लागला तो चहात बुडवलेल्या टोस्टसारखा. सिंकच्या पाइपाचा जोड थेंबथेंब गळत होता, फार तर महिनाभर. कपाट करून जेमतेम पाच महिने झाले होते. आणि ज्या प्लायचं ते होतं तो "उकळला तरी सुटत नाही, ताई" असं सांगून आम्हाला दिला होता.

आम्ही दोघंही स्वतःला सहज न फसणाऱ्यांत मोजत होतो, म्हणून हे लिहितेय. मी एका कंपनीच्या लेखा विभागात दिवसभर लोकांची बिलं तपासते. नवरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. गेटवर आलेला माल मोजायचा, तपासायचा, नापास असेल तर त्याच ट्रकनं परत धाडायचा, हेच त्याचं काम. अशा दोघांच्या घरात दिवसाढवळ्या टेंपोभर खोटा माल उतरला आणि आम्ही संध्याकाळी येऊन त्याचे फोटो काढून आईला पाठवले.

घर धनकवडीत, 1994 च्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. 430 चौरस फूट कार्पेट. घर घेण्यातच पैसे संपलेले, त्यामुळे दुरुस्तीला साडेतीन लाखांच्या वर जायचं नाही असं ठरलेलं. दोन कंत्राटदार येऊन बघून गेले. 'विथ मटेरियल' साडेसहा, म्हणाले. तेव्हा ठरवलं की जमेल तेवढं आपण करायचं, आणि जमणार नाही ते मजुरीवर करून घेऊन सामान आपण आणायचं. म्हणजे मटेरियलमध्ये कोणी मारणार नाही.

जानेवारीभर आम्ही भिंती केल्या. पोपडे खरवडले, पुट्टीचे दोन हात दिले, 180 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून घासून दोघांचेही केस पांढरे केले. सोसायटीत दुपारी 1 ते 4 ठोकाठोक बंद (पुण्यात आहोत), पण घासायला आवाज होत नाही, त्यामुळे सुट्टीचे दिवस पूर्ण मिळाले. रंगाऱ्यानं 46 हजार सांगितले होते, आम्हाला सगळं मिळून साडेसोळा हजार लागले. कोपऱ्यांत रोलरचे पट्टे दिसतात, पण ते आमचे पट्टे आहेत.

या रंगकामानंच आम्हाला बिघडवलं. 30 हजार वाचवल्यावर माणसाला आपण बाजार ओळखतो असं वाटायला लागतं.

सुतारकाम आपल्यानं होणार नव्हतं. ओट्याखालची आणि वरची कपाटं, एक वॉर्डरोब, दिवाण, माळ्याची दारं. ओळखीतून एक मिस्त्री आले. हात चांगला होता, हे मी आजही म्हणेन. त्यांनी बसवलेले ड्रॉवर अजून एका बोटानं सरकतात. त्यांनीच आम्हाला प्लायमधला फरक समजावला, आणि खरं सांगितला. 'एमआर' म्हणजे नुसता दमट हवा सोसणारा, त्याचा मानक आयएस 303. 'मरीन' किंवा बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्यात टिकणारा, आयएस 710. स्वयंपाकघराला 710 शिवाय लावू नका, आणि एकदाच करताय तर सगळंच त्यात करा. मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, किती लागेल? उत्तर आलं, "19 एमएम, 710 मरीन, 24 नग, रेट 110". हा निरोप मी पुसला नाही, एवढं एकच शहाणपण माझ्या हातून घडलं.

त्याआधीच्या शनिवारी आम्ही भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन भाव काढून आलो होतो. एका जुन्या दुकानात चौरस फुटाला 118 सांगितला, वर 18 टक्के जीएसटी, पक्कं बिल. मिस्त्री हसले. "तिथं नवीन माणूस दिसला की कापतात, दादा. माझ्या ओळखीच्या दुकानातून 110 ला घेऊन देतो, बिल नको असेल तर टॅक्सही नाही."

24 नग, प्रत्येकी 32 चौरस फूट, 110 चा भाव: 84,480 रुपये. त्यावरचा 18 टक्के कर 15,206. दुसऱ्यांच्या कच्च्या बिलांवर लाल शेरा मारणारी मी, त्या दुकानात उभी राहून हा आकडा मनात वजा केला आणि मान हलवली. माझी चूक तिथे झाली. बाकी सगळं तिच्यातून निघालं.

दुकानात आम्हाला एक शीट दाखवली. वर शिक्का, कडा भरीव, पोकळी कुठे नाही. नवऱ्यानं खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला (तो खरोखर घेऊन गेला होता), 18.9 मिमी भरली. शीट उचलून बघितली तर दोघांना जड. दुकानदार कौतुकानं म्हणाले, "साहेब जाणकार दिसतात." साहेब खूश. नमुना पास झाला म्हणजे माल पास झाला असं कारखान्यात कोणी म्हणालं असतं, तर ह्याच साहेबांनी त्याला दिवसभर ऐकवलं असतं. पण आपलं घर, रविवार, आणि पोटात भूक. 50 हजार रोख दिले, उरलेले मिस्त्रींच्या नंबरवर पाठवले, कारण "मशीनवाला आज आला नाही". हातात चिठ्ठी आली ती अशी: वर श्री, खाली '19 एमएम प्लाय 24 नग', खाली रक्कम. दुकानाचं नाव नाही, कंपनी नाही, 710 तर नाहीच.

माल मंगळवारी आला. मंगळवारी आम्ही दोघंही कामावर. नवरा कंपनीची बस पकडायला सकाळी सहालाच बाहेर पडतो. संध्याकाळी मी आले तेव्हा हॉलमध्ये शीटा रचलेल्या होत्या, निम्म्या कापून झाल्या होत्या. उरलेल्यांवर 710 चा शिक्का स्वच्छ दिसत होता. मोजाव्यात असं मनातही आलं नाही. आठवड्याभरात सगळ्यावर सनमायका चढला आणि आत काय आहे ते आतच राहिलं. सुतारकामातली फसवणूक लपवायला वेगळं काही करावं लागत नाही, पुढचं कामच तिच्यावर झाकण घालतं.

पैशांचंही तसंच. काम सत्तर टक्के झालं होतं तेव्हा उचल नव्वद टक्के गेली होती. कधी मुलीची फी, कधी गावाकडं लग्न. मागायची पद्धत अशी की नाही म्हटलं तर आपणच कोत्या मनाचे ठरू. मार्चअखेर काम संपलं, आम्ही पेढे दिले.

ऑगस्टात तो ओला भुसा हातात घेऊन नवरा बराच वेळ बसला. मग तळाचा एक तुकडा पिशवीत घालून आम्ही टिंबर मार्केटातल्या त्याच जुन्या दुकानात गेलो, जिथून मार्चआधी भाव काढून उठून आलो होतो. दुकानदार काकांनी आम्हाला ओळखलं असावं, पण बोलले नाहीत. तुकडा उलटा केला, कडेला नखानं खरवडलं. वरचा लालसर रंग नखात आला, आत पांढरट लाकूड. "रंग लावलाय," म्हणाले. "हा एमआर. आज माझ्याकडं 58 ला मिळतो. वाईट नाही बरं का, कोरड्या खोलीत वर्षानुवर्षं राहतो. पण 710 म्हणून विकला तर चोरी." मग वजनाचं सांगितलं: 19 मिमीची आठ बाय चारची खरी मरीन शीट 40 किलोच्या आसपास जाते, हलक्या लाकडाची 30 च्या पुढे जाता जात नाही. "उतरवताना एक माणूस एकटा डोक्यावरून जिना चढत असेल तर समजायचं." आमचा तिसरा मजला. कोण कसा चढला ते बघायला आम्ही होतोच कुठे?

मिस्त्री दुकानातून कमिशन घेतात, हेही काकांनी सांगितलं, आणि त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. ओळख करून देण्याचे दोन पैसे कोण घेत नाही? शिक्का एक आणि माल दुसरा, हे मात्र कमिशन नव्हे.

खात्री करायची तर तुकडा उकळा, काका म्हणाले. 710 ला मानकातच 72 तास उकळण्याची परीक्षा आहे. आमच्या गॅसला तेवढं झेपलं नसतं. वॉर्डरोबच्या मागून एक कोरडा तुकडा कापून जुन्या पातेल्यात टाकला. सासूबाई आल्या होत्या, दोनदा झाकण उघडून बघून गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "लाकडाची आमटी करताय, तर निदान मीठ तरी घाला." दीड तासात पापुद्रे सुटले. पाण्याला लाल रंग आला.

मग एकेक गाठ सुटत गेली. आईला पाठवलेल्या फोटोत शिक्का वाचता येत होता. शिक्क्याखाली सीएम/एल म्हणून परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोफत अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, कशासाठी, चालू आहे की नाही ते दिसतं. आमच्या क्रमांकाचा परवानाच नव्हता. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत झालं असतं हे.

आणि वॉचमनकाका. आमचे काका वहीत सगळं लिहितात. कुरिअर, दूधवाला, कोणाच्या घरी पाहुणे, सगळं. पाण्याच्या टँकरची एक नोंद शोधायला मी ती वही चाळत होते आणि फेब्रुवारीचं पान आलं. मंगळवार, सकाळी 10.40: "टेंपो, प्लाय 24 नग आत, फ्लॅट 11." तीन दिवसांनी, दुपारी 2.15: "प्लाय 5 नग बाहेर, फ्लॅट 11, मिस्त्री. जादा झाले म्हणून परत." मी तिथेच पायरीवर बसले. काकांना वाटलं चक्कर आली.

जादा झाले होते हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पाच शीटांचे पैसे परत आले नव्हते. वेस्टेज किती, कुठल्या शीटमधून काय निघणार, याचा कागदावर काढलेला कटिंगचा हिशेब आम्ही मागितलाच नव्हता. चांगला सुतार तो आधी काढतो. बहुधा ह्यांनीही काढला असेल, आमच्यासाठी नाही एवढंच.

हिशेब मी मांडला, तेवढं तरी येतं मला. गेलेल्या 5 नगांचे 17,600. राहिलेल्या 19 नगांवर चौरस फुटामागे 52 रुपये जादा, म्हणजे 31,616. एकूण 49,216. कराचे 15,206 वाचवण्यासाठी.

मिस्त्रींना फोन केला. "ताई, दुकानात तुम्हीच आलात, माल तुम्हीच पसंत केला." हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. दुकानदार म्हणाले, बिल दाखवा. पोलीस चौकीत अर्ज घेतला, पण ही दिवाणी बाब आहे असं ऐकवलं. तिथेच कळलं की चारसोबीस आता चारसोबीस राहिलं नाही. 1 जुलै 2024 पासून नवीन न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे. पण आमचा प्रकार फेब्रुवारीतला, म्हणजे जुनंच 420 लागणार. नवरा म्हणाला, निदान एक गोष्ट तरी अस्सल मिळाली.

ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मात्र कामाला आला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, दोन वर्षांच्या आत जाता येतं, हे तिथे नीट समजलं. ओळखीच्या वकिलांनी आधी नोटीस पाठवू म्हटलं. पक्कं बिल नसल्यानं दुकान निसटणार हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. मिस्त्रींविरुद्ध तीन गोष्टी होत्या: '710 मरीन' लिहिलेला तो निरोप, त्यांच्या नंबरवर गेलेले 34,480, आणि वहीच्या पानाचा फोटो. नोटिशीनंतर दहाव्या दिवशी मिस्त्री स्वतः आले. बरोबर मुलगी होती, तिची फी वगैरे खरंच असावी. 20 हजारांवर मिटलं, दोन हप्त्यांत. पुढे आयोगात जायचं की नाही यावर आमच्यात दोन रात्री वाद झाला. दाराशी उभी राहिलेली ती मुलगी बघितली नसती तर मी गेले असते. नवरा अजून म्हणतो, जायला हवं होतं.

वॉर्डरोब आणि दिवाण तसेच ठेवले. कोरडी जागा आहे, टिकतील. सिंकखालचं आणि त्याच्या शेजारचं कपाट मात्र उखडून नवीन केलं. टिंबर मार्केटातून 2 नग आणले, पक्क्या बिलानं, बिलावर मानक, कंपनी आणि जाडी लिहून घेऊन. नवऱ्यानं अर्धा दिवस रजा काढली. टेंपो आला तेव्हा तो खाली फाटकापाशी उभा होता, एका हातात व्हर्नियर, दुसऱ्यात मोबाइलवर परवान्याचं पान, आणि सोसायटीतल्या रद्दीवाल्याकडून मागून आणलेला वजनकाटा. एक शीट 41 किलो, दुसरी साडेचाळीस. वॉचमनकाका पेन घेऊन शेजारी थांबले होते. काय लिहू, म्हणाले. नवऱ्यानं वही हातात घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "प्लाय 2 नग आत. तपासले. फ्लॅट 11." आणि खाली सही केली, कारखान्यात करतो तशी, तारखेसकट.