दिवा पेरणीला लागतो: सर्व्हिस सेंटरचे एकोणीस महिने

गाडी घेतली 10 मे 2024 ला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर. डिझेल, बीएस-सहा (धुराच्या नव्या नियमांची), घरच्या पाच माणसांना पुरेल एवढी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गाडीबद्दल माझी तक्रार नाहीच. आज मीटरवर साडेचोवीस हजार किलोमीटर आहेत आणि इंजिन मख्खन आहे. हे लिहितोय ते शोरूमच्या मागच्या अंगाबद्दल. पुढच्या दारात पेढा आणि हार असतो, मागच्या दारात जॉब कार्ड.

माझं अंबाजोगाईत खत-बियाणांचं दुकान आहे, शेत सहा किलोमीटरवर. रोजचा प्रवास घर, दुकान, गोडाऊन, शेत. लांबचं जाणं महिन्या-दोन महिन्यांनी. हे सगळं मी गाडी घेताना विक्रीवाल्या पोराला सांगितलं होतं. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला डिझेलच परवडतंय." या वाक्याने पुढे माझे दोन टोइंग ट्रकएवढे हाल केले.

पहिली सर्व्हिस हजार किलोमीटरला, लातूरला. फुकट म्हणजे मजुरी फुकट, हे बहुतेकांना माहीत असतं. तरी बिल 590 रुपयांचं आलं: फोम वॉश. मी सांगितलं नव्हतं. अ‍ॅडव्हायझर (काउंटरवर काम लिहून घेणारा) म्हणाला, "सर, याला पाणी कमी लागतं." जून लागायचा होता, बोअर आटलेले, आणि शहर लातूर. ज्या गावाने 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून पिलं, तिथे पाण्यावरून वाद घालायला तोंड होत नाही. दिले पैसे. पुढच्या वेळेपासून मात्र जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने लिहायला लागलो, "वॉशिंग नको".

जुलैच्या पहिल्या आठवड्यात खरी सुरुवात झाली. पेरण्या जोरात, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, दिवसातून आठ-दहा वेळा गाडी चालू-बंद. मीटरवर एक पिवळा दिवा लागला, सायलेन्सरमध्ये ठिपके भरल्यासारखं चित्र. सेंटरला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "सर, गाडी अजिबात चालवू नका, टोइंग पाठवतो." ऐन हंगामात माझी दोन महिन्यांची नवी गाडी ट्रकवर चढून गावातून निघाली. समोरच्या हॉटेलातून, आमच्या कट्ट्यावरून, सगळ्यांनी पाहिलं. "शेठ, ठोकली का?" हे मी त्या दिवशी किती जणांना नाही म्हणून सांगितलं, मोजदाद नाही.

दोन दिवसांनी गाडी आली. बिल 2,360: दोन हजार मजुरी, वर अठरा टक्के जीएसटी. काम काय केलं, तर "फोर्स्ड रिजनरेशन". का झालं, तर "डिझेलमध्ये भेसळ". वॉरंटीत का नाही, तर भेसळ म्हणून नाही. डिझेल मी वर्षानुवर्षं एकाच पंपावर भरतो, त्याच पंपाचं माझा ट्रॅक्टर पितो, भावाचा टेम्पो पितो. पण काउंटरच्या पलीकडे कॉम्प्युटर असला की आपण आपोआप गुन्हेगार होतो. सही केली.

नोव्हेंबरात, हरभऱ्याच्या बियाण्याच्या गर्दीत, तोच दिवा पुन्हा लागला. पुन्हा ट्रक, पुन्हा दोन दिवस, पुन्हा भेसळ. एकदा मामला समजू शकतो. दुसऱ्यांदा मला वाटलं, या लोकांनाच कळत नाहीये. म्हणून डिसेंबरात तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा लातूरला फोनच केला नाही. संभाजीनगरच्या दुसऱ्या डीलरकडे अपॉइंटमेंट घेतली आणि मन घट्ट करून गाडी स्वतः चालवत निघालो. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या वर. बायको म्हणाली, रस्त्यात बंद पडली तर? मी म्हणालो, पडली तर पडली, निदान बीडच्या जवळ पडेल.

केज गेलं. मांजरसुंब्याचा घाट यायच्या आधी पाहतो तर दिवा विझलेला.

संभाजीनगरच्या वर्कशॉपला काचेची भिंत आहे, आत काम दिसतं. मी हट्टच धरला की अ‍ॅडव्हायझरशी नाही, ज्याच्या हाताला ग्रीस आहे त्याच्याशी बोलायचंय. पंचविशीतला एक तंत्रज्ञ बाहेर आला. दिवा रस्त्यातच विझला हे ऐकून तो हसला, मला जरा राग आला, मग त्याने मीटरमधली माहिती स्कॅनरवर दाखवली आणि पाच मिनिटांत जे सांगितलं ते सहा महिन्यांत मला कुणी सांगितलं नव्हतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा आलं तेव्हापासून अशा डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी असते, काजळी धरणारी. ती भरली की गाडी स्वतःच ती काजळी जाळून टाकते, हेच ते रिजनरेशन, पण त्याला एक्झॉस्ट, म्हणजे बाहेर पडणारा धूर, सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिनच नीट गरम होत नाही, गाळणी कुठून तापणार? गाडी जाळायला सुरुवात करते, तेवढ्यात आपण दुकानासमोर चावी बंद करतो. अर्धवट राहिलेलं जळण पुढच्या फेरीला पुन्हा, पुन्हा अर्धवट. उपाय काय, तर ताशी साठच्या वर वीसेक मिनिटं सलग चालवायची. लातूरपर्यंत चालवत नेली असती तरी भागलं असतं. म्हणजे ज्या आजारावर रस्ता हेच औषध होतं, त्यासाठी माझी गाडी दोनदा ट्रकवर बसून गेली.

डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून त्याने तेलही दाखवलं. पातळी वरच्या खुणेच्या वर. मी खूश झालो की तेल जळत नाही. तो म्हणाला, "सर, हे तेल वाढलं नाही, त्यात डिझेल उतरलंय." गाळणी तापवायला गाडी जादा डिझेल मारते, काम अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात झिरपतं आणि तेल पातळ होतं. तेव्हापासून मी दहा हजाराची वाट न पाहता साडेसात हजाराला तेल बदलतो. त्याचं कंपनीच्या वेळापत्रकात कुठे नाव नाही, पण माझ्या वापराला तेच बरोबर आहे.

घरी आल्यावर मॅन्युअल काढलं. इंग्रजीत, बायबलएवढं जाड. पान सापडलं. सगळं लिहिलेलं होतं.

मग लक्षात आलं: दिवा लागतो तो हंगामात. मृगाच्या पेरणीला आणि रब्बीच्या गर्दीला, जेव्हा माझ्या फेऱ्या आखूड आणि पुष्कळ असतात. भेसळ डिझेलमध्ये नव्हती, माझ्या दिवसात होती. आता दर दुसऱ्या रविवारी आम्ही रेणापूरला जाऊन येतो. बायको म्हणते रेणुकामातेला जातो, मी म्हणतो गाळणी जाळायला. 2025 च्या जूनपासून एकदाही दिवा लागलेला नाही.

आता दहा हजारच्या सर्व्हिसची गोष्ट, कारण लोक विचारतात ते बिलाचंच. जानेवारी 2025. पुन्हा लातूरला, कारण संभाजीनगर दर वेळी जमणारं नाही. सकाळी एस्टिमेट सांगितलं 7,900. संध्याकाळी बिल 11,640. फरकाचे 3,740 असे: एसी डिसइन्फेक्शन 1,150, आतली सफाई 1,490, डिझेलमध्ये टाकायचं औषध 480, वायपरची जोडी 620. दुपारी फोन आला होता म्हणे. आला होता, दुकानात तिघं गिऱ्हाईक समोर असताना, आणि त्या बाईंनी एका दमात सांगितलेल्या चार गोष्टींना मी "हां, हां" म्हणालो होतो. माझं "हां" म्हणजे ऐकतोय. त्यांच्या कॉम्प्युटरात ते "मंजूर" झालं. आता मी फोनवर एकच सांगतो: व्हॉट्सअ‍ॅपवर रकमेसह पाठवा, मी "करा" लिहिलं तरच करा.

त्याच बिलात केबिन फिल्टर होता, गाडीत येणारी हवा गाळणारा. जुना मागितला तर "स्क्रॅपला गेला". हे उत्तर मला नेहमीच संशयाचं वाटतं. आमच्याकडे कापूस मोजणारासुद्धा काटा समोर ठेवतो. चार दिवसांनी ग्लोव्हबॉक्सची झाकणी काढून पाहिलं. नव्या फिल्टरच्या जागी जुनाच, त्यात कापसाचे तंतू, सोयाबीनचा भुसा आणि एक वाळकं लिंबाचं पान. आमच्या काळ्या रानाची धूळ तर एवढी की फिल्टर झटकला तर वाफा तयार व्हावा. फोटो काढून ईमेल केला आणि खाली लिहिलं की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही हेही मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी वर्कशॉप मॅनेजरचा फोन. पैसे परत, फिल्टर घरपोच. चूक मुद्दाम होती की गर्दीत राहून गेली, सांगता येणार नाही. मला दुसरंच वाटतं. त्या दिवशी बेमध्ये, म्हणजे गाड्या लावून काम करायच्या जागी, एका पोराकडे सात गाड्या होत्या, हे मी स्वतः मोजलं होतं.

मार्चमध्ये पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड. खड्ड्यातून, तेही हळू चालवताना. दोनदा नेली, दोनदा "नॉर्मल आहे सर, रस्ते तसे आहेत" हे ऐकलं. इथे मी ठाम सांगतो: अ‍ॅडव्हायझरला आवाज सांगू नका, तंत्रज्ञाला शेजारी बसवून ऐकवा. मी ते तेव्हा केलं नाही. गावातल्या मामूंकडे गेलो, ज्यांच्याकडे माझी जुनी जीप वीस वर्षं असायची. मामूंनी जॅक लावला, टॉमी (लोखंडी सळी) घालून एकदा दाबलं आणि म्हणाले, "शेठ, लिंक रॉड गया इसका. नवी गाडी हाय, फुकट में डलवा लो." पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. लिंक रॉड म्हणजे चाकाच्या सस्पेन्शनमधला दांडा. लातूरला जाऊन म्हणालो, डावा लिंक रॉड बघा. तर अ‍ॅडव्हायझरचा पहिला प्रश्न, "बाहेर दाखवलीत का? मग वॉरंटीचा प्रॉब्लेम होईल." दाखवली, उघडली नाही. शिवाय ही धमकी एवढी सरळ नाही. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या प्रकरणात 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला, त्या आदेशात बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका असंही बजावलं होतं. दंडावर पुढे अपिलं झाली, तो वेगळा विषय. मी एवढंच विचारलं की हे लेखी देता का. लेखी दिलं नाही, लिंक रॉड दिला.

बॉडीशॉपबद्दल मात्र चांगलंच बोलेन. जूनमध्ये रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला बंपर आणि हेडलाइट घासला. क्लेमची कागदं त्यांनीच केली, सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आला, विमा झिरो डेप होता, म्हणजे भागांची घसारा कपात नव्हती, म्हणून खिशातून हजार आणि किरकोळ गेले. हेडलाइट यायला तेवीस दिवस लागले, पण रोज न विचारता मेसेज येत होता. रंग जुळला.

प्रत्येक सर्व्हिसनंतर कंपनीचा फोन येतो, दहापैकी किती गुण. त्याच्या आधी अ‍ॅडव्हायझरचा येतो: "सर, दहाच द्या, नऊ दिले तरी आमचं कापतेत." मार्चनंतर मी सहा दिले. रात्री साडेनऊला त्या पोराचा फोन, आवाज पडलेला. "सर, माझी काय चूक? पार्ट मी थोडीच बघतो." खरं होतं. तो दारात उभा राहून दोन्हीकडच्या शिव्या खातो. एकोणीस महिन्यांत लातूरला माझे चार अ‍ॅडव्हायझर झाले, प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "सर, गाडीला काही प्रॉब्लेम?" म्हणून मी शाळेची शंभर पानी वही केली: तारीख, किलोमीटर, काय सांगितलं, काय केलं, किती घेतलं. गाडीचा इतिहास त्यांच्या सर्व्हरवर असेलही, पण तो कुणी वाचत नाही.

वीस हजारची सर्व्हिस ऑक्टोबर 2025 मध्ये केली. मुद्दाम थोडी ढकलली, कारण 22 सप्टेंबरपासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 चा 18 झाला. दुकानदार माणूस, एवढं कळतं. वही घेऊन गेलो. औशाकडचा एक आयटीआय झालेला तंत्रज्ञ मागून घेतला, त्याला बसवून बार्शी रोडवर दोन किलोमीटर चक्कर मारली. जुने भाग पुठ्ठ्याच्या खोक्यात डिकीत ठेवायला सांगितले. एस्टिमेट 9,200, बिल 9,140. पहिल्यांदाच कमी आलं. केबिन फिल्टरच्या कडेला मी आदल्या रात्री निळ्या पेनाने आमच्या दुकानाचं नाव लिहून ठेवलं होतं. खोक्यात तोच होता.

तीस हजारला पुन्हा जाईन, लातूरलाच. त्या औशाच्या पोराला परवा फोन केला तर म्हणाला, "सर, मी सोलापूरला आलोय, तिकडं पगार बरा देतेत." वहीत त्याच्या नावापुढे तेवढं लिहून ठेवलंय.