बोर्दो, बर्गंडी की रिओहा? पहिली चांगली रेड घेण्याआधी हे वाचा

चांगली रेड वाईन घ्यायची ठरली की बहुतेकजण आधी द्राक्षाचं नाव शोधतात, कॅबरने आहे का, मर्लो आहे का, आणि मग फ्रान्स-स्पेनच्या बाटल्यांसमोर उभं राहिलं की सगळाच घोळ, कारण तिथे लेबलवर बहुतेक वेळा द्राक्षाचं नावच नसतं, फक्त प्रदेश आणि वायनरी. त्यात फ्रान्सचे बोर्दो आणि बर्गंडी आणि स्पेनचा रिओहा ह्या तीन प्रदेशांची नावं कायम समोर येतात आणि तिघांचेही कट्टर चाहते आपलीच कशी भारी ते सांगत असतात. माझं म्हणणं असं आहे की द्राक्ष जरा बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा, की ही वाईन मऊ व्हायला, पिण्यालायक व्हायला जो वेळ लागतो तो कोणी काढायचा? रिओहात वायनरी थांबते. बोर्दोत थांबायचं काम गिऱ्हाईकाच्या गळ्यात पडतं. बर्गंडीत थांबण्यापेक्षा शोधण्याची मेहनत जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की निवड बरीच सोपी होते.

आधी थोडं बनवण्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. काळ्या द्राक्षाचा रसही जवळपास बिनरंगीच असतो, रंग सालीत आणि तुरटपणा म्हणजे टॅनिन साल आणि बियांत. म्हणून रेड करताना रस सालींसकट टाकीत आंबवतात. यीस्ट साखर खायला लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्या गॅसने सगळ्या साली वर ढकलल्या जातात, टाकीच्या तोंडाशी हाताने दाबला तर दबणारही नाही असा जाड घट्ट थर तयार होतो. तो तसाच राहू दिला तर वरून वाळतो, आंबूस वास धरतो आणि खालच्या रसाला रंगही मिळत नाही, म्हणून दिवसातून एक-दोनदा तो भिजवावाच लागतो. बोर्दोत साधारण खालचा रस पंपाने वर चढवून थरावर सोडतात. बर्गंडीत बऱ्याच ठिकाणी वरून दांड्याने, कधी चक्क टाकीत उतरून पायांनी तो थर खाली दाबतात. पायांनी दाबणं हे फोटोसाठी नाही बरं का, बर्गंडीचं द्राक्ष पिनो न्वार, त्याची साल इतकी पातळ असते की तिला जोर लावून चालत नाही, जास्त झालं की नाजूक वास जातो आणि नुसता कडवटपणा उरतो. बोर्दोच्या कॅबरनेची साल जाड, दाणा लहान, बिया मोठ्या, तिथे मुळातच टॅनिन भरपूर. म्हणजे ग्लासात जो फरक कळतो त्याची सुरुवात इथे होते.

आता बोर्दो. गारोन आणि दोर्दोन्य ह्या दोन नद्या मिळून जिरोंदची खाडी होते, तिच्या डाव्या काठाला मेदॉक, तिथे खडी-गोट्यांची जमीन, पाणी पटकन निचरतं आणि दगड दिवसाची ऊब धरून ठेवतात, त्यामुळे उशिरा पिकणारी कॅबरने सोव्हिन्यों तिथे जमते. उजव्या काठाला सेंत-एमिल्यों आणि पोमरोल, चिकणमाती आणि चुनखडी, गारवा जास्त, तिथे लवकर पिकणारी मर्लो. अटलांटिक जवळ असल्याने पाऊस कधी येईल सांगता येत नाही, म्हणून एकाच द्राक्षावर सगळं लावायचं नाही अशी तिथली जुनी शहाणी सवय. प्रत्येक तुकड्यातली वाईन वेगळी आंबवतात आणि हिवाळ्यात टेबलावर शंभर नमुने मांडून कुठला किती घ्यायचा ते ठरवतात. बोर्दोच्या वायनरीची खरी कला ह्या मिसळण्यात आहे असं मला मनापासून वाटतं. जे नमुने मुख्य वाईनमध्ये बसत नाहीत ते टाकून देत नाहीत, त्यातून त्याच शातोची (बोर्दोत वायनरीला शातो म्हणतात) दुसरी वाईन निघते, आणि नवख्यासाठी ही दुसरी वाईन फार कामाची, कारण मेहनत तीच आणि मऊ लवकर होते.

मग ओक लाकडाच्या २२५ लिटरच्या बॅरलमध्ये साधारण दीड वर्ष. पण मोठ्या शातोंची वाईन बॅरलमध्ये असतानाच विकली जाते, काढणीनंतरच्या वसंतात व्यापारी आणि समीक्षक चाखतात, भाव ठरतो, पैसे आधी द्यायचे आणि बाटली हातात यायला दोनेक वर्षं. आणि ती आली तरी लगेच पिण्यासारखी नसते, डाव्या काठाची चांगली बाटली दहा वर्षांनी तोंड उघडायला लागते. नवीन असताना उघडली तर हिरड्या आवळल्यासारखं होतं आणि माणूस म्हणतो एवढं काय कौतुक हिचं. अशाने बोर्दो आयुष्यभरासाठी नावडती झालेली मंडळी भरपूर आहेत, आणि त्यात बिचाऱ्या वाईनचा काही दोष नसतो.

अजून एक, १८५५ चं वर्गीकरण. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तेव्हाच्या बाजारभावावरून मेदॉकच्या शातोंचे पाच दर्जे पाडले (बाहेरचा एकच, ग्राव्ह भागातला ओ-ब्रियों) आणि तेच आजही चालू आहेत, दर्जा वाढलेलं उदाहरण एकच, १९७३ साली मुतों रोथशिल्ड दुसऱ्यावरून पहिल्यात गेलं. हा दर्जा शातोला आहे, जमिनीच्या तुकड्याला नाही, म्हणजे शातोने शेजारची जमीन विकत घेतली तरी लेबल तेच राहतं. त्यामुळे पहिल्या खरेदीला ह्या यादीच्या मागे लागू नका, पैसा नावाला जातो.

बर्गंडीत हे बरोब्बर उलटं, दर्जा जमिनीला. कोत द'ओरच्या उतारावर चुनखडी आणि मार्ल म्हणजे चुनामिश्रित चिकणमातीचे थर दर काही पावलांवर बदलतात आणि तिथल्या मठांतल्या साधूंनी शतकानुशतकं पीक बघून बघून तुकडे वेगळे केले, त्यांना तिथे क्लिमा म्हणतात, असे १२४७ तुकडे २०१५ साली युनेस्कोच्या यादीत गेले. उताराचा मधला पट्टा सगळ्यात चांगला, खाली पाणी साचतं, वर माती पातळ आणि वारा. द्राक्ष मात्र रेडला जवळजवळ एकच, पिनो न्वार. मिसळायला दुसरं काही नाहीच, त्यामुळे वर्ष वाईट गेलं की लपवायला जागा नाही. एप्रिलमधलं हिमदव हे तिथलं मोठं दुखणं, २०२१ साली कोंब फुटल्यावर थंडी पडली आणि शेतकऱ्यांनी रात्रभर बागेत मोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या तरी पीक खूप गेलं.

आता घेणाऱ्याची अडचण. फ्रेंच वारसा कायद्याने जमीन मुलांत वाटत वाटत तिचे इतके तुकडे झाले की क्लो द वूजो ही भिंतीच्या आतली साधारण ५० हेक्टरची एक बाग, तिचे मालक ८० च्या आसपास, काहींच्या तर मोजक्याच ओळी, आणि लेबलवर सगळ्यांच्या तेच क्लो द वूजो, तोच ग्रां क्रू म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. एकाची बाटली डोळे मिटायला लावेल आणि दुसऱ्याची अगदी साधी निघेल. म्हणून बर्गंडीत आधी बनवणाऱ्याचं नाव, मग गाव, मग दर्जा, ह्याच क्रमाने बघायचं. आणि एक फसवी गोष्ट, जेव्रे गावाने १८४७ साली आपल्या सगळ्यात प्रसिद्ध बागेचं नाव मागे जोडून घेतलं, तेव्हापासून जेव्रे-शांबेरतां म्हणजे गावची वाईन आणि नुसतं शांबेरतां म्हणजे ग्रां क्रू. घाईत वाचलं की दोन्ही एकच वाटतात आणि किमतीत प्रचंड अंतर. नवख्याने चांगल्या बनवणाऱ्याची साधी बुर्गोन्य रूज, म्हणजे लेबलवर फक्त प्रदेशाचं नाव असलेली रेड, घ्यावी किंवा थोडं दक्षिणेला मेर्क्युरे, जिव्री इकडची घ्यावी, तीन-चार वर्षांतच छान लागते, चेरी, रासबेरी, जरा जुनी झाली की ओल्या पानांचा वास. ग्रां क्रूने सुरुवात करणं मला तरी अजिबात पटत नाही.

आणि रिओहा. एब्रो नदीच्या खोऱ्यात, मुख्य द्राक्ष टेम्प्रानिल्यो, सोबत गार्नाचा, ग्रासिआनो, मासुएलो. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा खाल्ल्या तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाईन शोधत इकडे आले, बॅरलमध्ये मुरवायची पद्धत इथे रुजायला त्याने मोठा हातभार लागला आणि आरो गावात रेल्वे स्टेशनच्या आजूबाजूला वायनऱ्यांची रांग उभी राहिली, कारण पिंपं थेट गाडीत चढवता यायची. त्या वायनऱ्या अजून तिथेच आहेत. फ्रेंच ओकऐवजी इथे अमेरिकन ओक चाललं, त्यातून व्हॅनिला आणि नारळासारखा वास येतो, जुन्या पद्धतीच्या रिओहाची ती खूणच झाली. १८७७ पासूनची लोपेस दे एरेदिया तर आजही स्वतःची पिंपं स्वतःच्या कारागिरांकडून बनवून घेते.

जुन्या वायनऱ्यांतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पिंप बदलणं. वाईन मुरताना तळाशी गाळ बसतो, म्हणून काही महिन्यांनी ती एका पिंपातून दुसऱ्यात घेतात, पंपाशिवाय, वरच्या पिंपाची बुची सैल करून नुसत्या धारेने. कामगार काचेच्या पेल्यात थोडी धार धरतो, मागे मेणबत्ती, आणि ज्योत स्वच्छ दिसते तोवर चालू ठेवतो, जरा धूसर झाली की बंद, गाळ आला. दोन-तीन वर्षं असं करत गेलं की वाईन आपोआप निवळते, तिला फारसं गाळावं लागत नाही.

आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच फायदा की थांबण्याचे नियम कायद्याने बांधलेत. क्रिआन्सा म्हणजे निदान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं एक बॅरलमध्ये. रेसेर्वा तीन वर्षं, एक बॅरलमध्ये आणि पुढे निदान सहा महिने बाटलीत. ग्रान रेसेर्वा पाच वर्षं, दोन बॅरलमध्ये, दोन बाटलीत. मागच्या लेबलवर नियामक मंडळाचा शिक्का असतो, क्रिआन्सा लाल, रेसेर्वा गडद मरून, ग्रान रेसेर्वा निळा. हिरवा शिक्का म्हणजे मुरवण्याची कुठलीच हमी नाही, पण त्याला हलकी समजून सोडू नका, फ्रेंच ओक वापरणारे आणि ह्या चौकटीत न बसणारे बरेच नवीन बनवणारे मुद्दाम हिरव्या शिक्क्यात विकतात आणि त्यातल्या काही वाईन अतिशय दमदार असतात. तिथे मात्र पुन्हा नाव माहीत पाहिजे.

तर मला विचाराल तर पहिली बाटली रिओहा रेसेर्वा, डोळे झाकून. वायनरीने तुमच्या वतीने वाट बघून झालेली असते, घरी आणून त्याच रात्री उघडता येते, आणि एवढं मुरवूनही बरोबरीच्या बोर्दोपेक्षा बहुधा स्वस्तच पडते. घरात अंधारी थंड जागा असेल, धीर असेल, एकाच वाईनच्या चार बाटल्या घेऊन दर दोन वर्षांनी एक उघडून ती कशी बदलते हे बघायची आवड असेल, तर बोर्दोसारखा आनंद दुसरा नाही, तेव्हा जरूर घ्या. लगेच प्यायची असेल आणि बोर्दोच हवी असेल तर उजव्या काठाची, मर्लो जास्त असलेली. बर्गंडी त्यांच्यासाठी ज्यांना वाचायला, नकाशे बघायला, नावं लक्षात ठेवायला आवडतं, आणि मधेच एखादी बाटली साधी निघाली तरी ज्यांचा उत्साह जात नाही.

पिण्याबद्दल एक-दोन गोष्टी, कारण इथे चांगल्या वाईनची माती होते. रूम टेंपरेचरला रेड प्यायची हे जुन्या थंड दगडी घरांचं टेंपरेचर, २८ डिग्रीला उघडली तर कुठलीही रेड नुसती अल्कोहोलसारखी लागते. बोर्दो आणि रिओहा साधारण १६ ते १८, बर्गंडी अजून गार, १४ ते १६, म्हणजे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलीत तरी काही बिघडत नाही. तरुण बोर्दो डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद पोटाच्या काचेच्या भांड्यात, ओतून तास-दोन तास हवा लागू द्या, फरक स्पष्ट कळतो. बर्गंडीला डिकँटर शक्यतो नको, मोठ्या गोल ग्लासात थोडी ओता आणि वेळ द्या, तिचा वास उडून जाऊ देण्यात काय अर्थ. जुनी ग्रान रेसेर्वा असेल तर आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल, आणि तिचं बूच जपून काढा, वीस वर्षांचं बूच स्क्रूवर अर्ध्यात तुटतं.

जाऊन बघायचं असेल तर आरो सगळ्यात सोपं, स्टेशनजवळच्या वायनऱ्या एकमेकींपासून चालत अंतरावर आणि पाहुण्यांची सवय असलेल्या. तिथे द्राक्षवेलीच्या काटक्यांवर भाजलेली कोकराची चॉप्स मिळतात, रेसेर्वाबरोबर ह्याहून चांगली जोडी मला माहीत नाही. बोर्दोच्या शातोंना आधी अपॉइंटमेंट लागते आणि सगळं जरा औपचारिक. बर्गंडीत छोट्या मालकाकडे जायला मिळालं तर नशीब, तो स्वतःच बागेत छाटणी करत असतो आणि चांगल्या बाटल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी आधीच राखलेल्या असतात, त्यापेक्षा बोन गावात राहून तिथल्या तळघरांत चाखा आणि दिजों ते सांतने हा साधारण ६० किलोमीटरचा बागांचा रस्ता सायकलने किंवा गाडीने करा.

आणि तुरटपणा मुळातच नको असेल तर ह्या तिघांतली कुठलीच जबरदस्तीने पिऊ नका, सरळ जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली रीसलिंग ही व्हाइट वाईन घ्या. पाटीच्या दगडांचे इतके चढे उतार की ब्रेमच्या काल्मोंट बागेत काही ठिकाणी चढ ६० अंशांच्याही वर जातो, सगळं काम हाताने. काबिनेट लिहिलेली हलकी असते, बऱ्याचदा अल्कोहोल आठ-नऊ टक्के, थोडी गोड पण आंबटपणा इतका स्वच्छ की गोडी जिभेला चिकटत नाही. अजिबात गोड नको असेल तर लेबलवर ट्रॉकेन बघून घ्या.